पार्कचं तिकीट न काढता डिस्नीची हॉटेलं पाहायची असतील तर

ताई, तुमचा प्रश्न असा की डिसेंबरात लेकीकडं अमेरिकेत ऑर्लँडोला जाऊन राहिल्या, जावई म्हणतात डिस्नी पार्कची तिकिटं काढू, तुम्हाला तेवढा खर्च नको, तुमच्या साहेबांचे गुडघे दिवसभर चालू देत नाहीत, आणि कोणीतरी सांगितलं की डिस्नीची ती मोठमोठी हॉटेलं नुसती आत जाऊन फुकटात पाहता येतात, तर हे खरं का आणि कोणी हाकलून तर देत नाही ना. खरं आहे. आणि सरळ वागलं तर कोणी हाकलत नाही. आम्ही नवराबायको तीन हिवाळे हेच करत आलो म्हणून जरा लांबण लावूनच सांगतो, चहा घेऊन बसा.

माझं म्हणाल तर 31 वर्षं एसटी चालवली, आता वर्धा जिल्ह्यात गावाकडं पाच एकर कोरडवाहू आहे ते पाहतो. पोरगी ऑर्लँडोपासून अर्ध्या तासावर राहते. पहिल्या वर्षी जावयानं हौसेनं डिस्नीच्या मॅजिक किंगडम नावाच्या पार्कात नेलं. तिथं एका दिवसाचं तिकीट तारीख पाहून दीडशे-पावणेदोनशे डॉलर सहज होते, चौघांचे रुपये केले तर साठ हजाराच्या घरात, म्हणजे आठ क्विंटल कापूस एका दिवसात गेला बाप्पा. आणि दिवसभर काय केलं तर रांगेत उभे राहिलो. संध्याकाळी परत येताना मोनोरेल, म्हणजे उंचावरच्या एका रुळावरून चालणारी गाडी, एका हॉटेलाच्या पोटातून आरपार गेली, खाली लोक जेवून राहिले आणि वरून गाडी चाललेली. मी जावयाला विचारलं, इथं उतरलं तर चालते का? तो म्हणे उतरा की, काहीच लागत नाही. तेव्हापासून पार्क सुटला तो सुटलाच.

आता हे फुकट का आहे ते आधी समजून घ्या म्हणजे मनातली भीती जाईल. या हॉटेलांत राहायच्या खोल्यांशिवाय जेवायची हॉटेलं-कॅन्टीन, दुकानं, बार, आईस्क्रीमच्या गाड्या असतात आणि त्या फक्त मुक्कामी लोकांसाठी नसतात, बाहेरच्यांसाठीपण असतात. तुम्ही यावं, लॉबी पाहून तोंडाचा आ व्हावा आणि निघताना सात डॉलरची कॉफी घ्यावी हेच त्यांना पाहिजे. म्हणजे तुम्ही चोरून नाही घुसत, गिऱ्हाईक म्हणून जाता. चालत नाही ते एवढंच की पोहण्याच्या तलावात शिरायचं नाही (तिथं मुक्कामाचा पट्टा नाहीतर कार्ड लागते), खोल्यांच्या मजल्यांवर फिरायचं नाही, आणि मुक्कामी लोकांच्या लाउंजमध्ये जायचं नाही. बाकी लॉबी, बगीचा, तळ्याकाठचा रस्ता, दुकानं, धक्के, सगळं मोकळं. लॉबीतले संडास-बाथरूम एवढे स्वच्छ की आमच्या सौ. पहिल्या दिवशी दोनदा उगीचच जाऊन आल्या.

गाडी घेऊन गेलं की गेटवर गार्ड असते. तो विचारते कशासाठी आले. इथंच लोक चुकतात, आमचीपण चूक झाली होती. नाताळच्या आठवड्यात एका हॉटेलच्या गेटवर जावयानं ऐटीत सांगितलं "जस्ट लुकिंग अराउंड", आणि गार्डनं गोड हसून गाडी वळवून लावली. हॉटेलचं नाव नाही सांगत, त्याचा काही दोष नव्हता, आतलं पार्किंग भरलं होतं आणि त्या दिवसांत ते जेवणाचं बुकिंग असलेल्यांनाच आत घेतात. तेव्हापासून आमचा नियम असा की ज्या हॉटेलात जायचं तिथं खरंच नाश्त्याचं नाहीतर जेवणाचं बुकिंग करूनच जायचं. डिस्नीच्या जेवणाचं बुकिंग 60 दिवस आधीपासून उघडते, लेकीला मोबाईलवर करायला सांगा. आणि जायचं नसेल तर आधी रद्द करायचं, तसंच सोडलं की माणशी दंड कापतात. खोटं बुकिंग दाखवून आत शिरून मग रद्द करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील, ते करू नका, एक इडलीएवढी वस्तू घ्या पण खरी घ्या. गेटवर नाव सांगितलं की झालं. हॉटेलचं पार्किंग असं आलेल्यांना फुकट असते, पार्कच्या पार्किंगला मात्र तीस डॉलरच्या आसपास लागतात, त्यामुळं पार्कच्या पार्किंगमध्ये गाडी घालून तिथून फिरायचा विचार करू नका, फुकटाची मजाच गेली.

दुसरा रस्ता म्हणजे डिस्नी स्प्रिंग्ज. हा त्यांचा बाजार, आत जायला काही लागत नाही आणि पार्किंगपण फुकट, तिथून हॉटेलांना बसेस जातात आणि काही हॉटेलांना बोटी. बोट मस्त. पोर्ट ऑर्लीन्स नावाच्या हॉटेलाला जाणारी बोट नदीतून जाते, दोन्ही बाजूला झाडं, दुपारी डोळा लागते इतकी हळू. फक्त चढताना मुक्काम किंवा बुकिंग विचारू शकतात, गर्दीच्या दिवसांत तर धराच, म्हणून वरचं बुकिंग कामी येते.

ड्रायव्हर म्हणून एक सांगतो, तिथल्या बसचं गणित आपल्या तालुक्याच्या डेपोसारखंच आहे. प्रत्येक हॉटेलातून पार्कला आणि बाजाराला बस, पण एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलाला सरळ बस नाही. मधल्या ठिकाणी उतरून गाडी बदलायची. या सगळ्या जागेला डिस्नी वर्ल्ड म्हणतात, ती पंचवीस हजार एकरांच्या आसपास आहे, आपल्याकडच्या कितीतरी गावांचं शिवार त्यात बसेल, म्हणून "जवळच दिसते, चालत जाऊ" हे डोक्यातून काढा. पहिल्या वर्षी आम्ही एका दिवसात सहा हॉटेलं करायला निघालो आणि अर्धा दिवस बसथांब्यावर गेला. सौ. म्हणे, "आयुष्यभर तुमची एसटीची वाट पाह्यली, आता अमेरिकेत येऊन बसचीच वाट पाहू का मी?" एका दिवसात एक, लई झालं तर दोन-तीन, तेपण एकाच लायनीवरची.

तुम्ही एकच हॉटेल पाहणार असाल तर अॅनिमल किंगडम लॉज पाहा. बाकी सगळं सोडलं तरी चालेल. हे 2001 मध्ये उघडलं, आफ्रिकेतल्या गावासारखं बांधलेलं, म्हणजे मधात जनावरांसाठी मोकळी जागा आणि भोवती अर्धगोल वस्ती, आपल्याकडं गावाभोवती गोठान असते त्याच्या उलटं समजा. आत शिरलं की वर गवताचं छप्पर एवढं उंच की मान दुखते, ढालींची झुंबरं टांगलेली. लॉबीत नायजेरियाच्या इग्बो लोकांचा इजेले म्हणून एक मोठ्ठा मुखवटा आहे, मण्यांनी, कापडानं, बाहुल्यांनी भरलेला, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच. तो पाहिल्याबरोबर मला नागपूरची मारबत आठवली. मारबत आपण जाळतो, हे जपून ठेवतात, एवढाच फरक.

मागच्या दारानं बाहेर निघालं की मैदान. तिथं जिराफ, झेब्रे, हरणं, शहामृगं, मोठमोठे पक्षी, आणि मधात फक्त एक खडक आणि थोडी झाडी, जाळी कुठं दिसतच नाही कारण अडवायला खंदक केलेले आहेत जे आपल्या नजरेच्या खाली राहतात. ताडोब्यात आपण जिप्सीचे पैसे भरून वाघाच्या शेपटीसाठी पहाटे चारला उठतो, इथं जिराफ समोर चरून राहिला आणि तुम्ही बाकावर बसून शेंगदाणे खाऊन राहिल्या. (शेंगदाणे जनावरांना नका टाकू, बाजूला त्यांची माणसं उभी असतात.)

आणि आता मुद्द्याची गोष्ट. तिथं गाई आहेत. अंकोले म्हणतात त्यांना, पूर्व आफ्रिकेतल्या, शिंगं एवढी मोठी की एका शिंगाची मुळाशी जाडी माझ्या मांडीएवढी, आणि वर दोन्हीकडं पसरलेली, जणू कोणी बैलगाडीची धुरी डोक्यावर ठेवली. मी त्या दिवशी बाकी जनावरं पाहिलीच नाहीत. आमच्या घरी बाबांच्या वेळेपासून गवळाऊची जोडी होती, वर्धेचीच जात, पांढरीशुभ्र, आखूड शिंगांची, पळायला वाऱ्यासारखी. ट्रॅक्टर आल्यावर विकली. त्या अंकोलेची चाल पाहून मी कठड्याला धरून तासभर उभा. तिथं काम करणारा एक पोरगा आला, त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि गाव लिहिलेलं असते, त्याच्यावर बोत्सवाना होतं. जावयाच्या मध्यस्थीनं विचारलं, दूध किती देते? तो एवढा हसला, म्हणे सगळे लोक शिंगाचा फोटो काढतात, दुधाचं तुम्हीच पहिले विचारलं. मग तो खाली बसला आणि सांगू लागला की त्याच्याकडं लग्नात नवऱ्यामुलाकडून मुलीकडच्यांना गाई द्याव्या लागतात, त्याच्या मोठ्या भावाच्या लग्नात किती दिल्या, कोणती गाय द्यायला आई तयार नव्हती. मी त्याला मोबाईलवर पोळ्याचा फोटो दाखवला, झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं. अर्धा तास आमचं असंच चाललं, मधात इंग्रजी जावयाची. ताई, तुमच्याकडं बैलजोडीचा फोटो असेल तर मोबाईलमध्ये घेऊन जा, खरं सांगतो, तिकिटापेक्षा ते जास्त कामी येईल.

तिथं सकाळी लवकर नाहीतर ऊन कललं की जा, दुपारी जनावरं सावलीला बसतात, ढोरंच ती. त्याच हॉटेलचा दुसरा भाग किदानी व्हिलेज, पाच-दहा मिनिटं चालत, गुडघे दुखत असतील तर गाडीची सोय असते ती विचारा. तिथं साना नावाचं जेवायचं हॉटेल आहे, मोठ्या काचेतून मैदान दिसते आणि जेवण निम्मं आपल्या वळणाचं, नान आणि तशा रोट्यांचे पाच प्रकार आणि त्यासोबत नऊ वाट्या, चटण्या, लोणचं, रायतं. वीस डॉलरच्या वर जाते. सौ. नं नऊही वाट्या चाखल्या आणि म्हणाल्या की सगळं ठीक आहे पण वर्ध्याच्या ठेच्याला यातली एकही शिवत नाही, आणि चटणीचे पैसे घेतात हे काही त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. चौघांत एक घ्या, जनावरं दिसतील त्या टेबलाजवळ बसा, तुमचं बुकिंगचं कामपण तिथंच होऊन जाते. या हॉटेलला मोनोरेल नाही, रोपवे नाही, फक्त बस नाहीतर गाडी, म्हणून लेकीला सोडायला सांगा.

दुसरा दिवस मोनोरेलच्या लायनीचा ठेवा. ही गाडी तळ्याभोवती फिरते, तिला तिकीट नाही, आणि तिच्यावर तीन हॉटेलं आहेत, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन आणि कंटेम्पररी. चढायच्या आधी पिशवी तपासतात, तेवढं सोडलं तर कोणी काही विचारत नाही. यातली कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन 1971 ची, म्हणजे डिस्नी वर्ल्ड ऑक्टोबरात सुरू झालं तेव्हाचीच. कंटेम्पररीच्या पोटातूनच ती मोनोरेल जाते. मला गाड्यांचं वेड म्हणून मी तिथं चौथ्या मजल्यावर बसून नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहतो, एक आली की खालच्या लोकांना पत्ताच नाही, एवढा आवाज कमी. त्या इमारतीची आणखी एक गंमत म्हणजे खोल्या बाहेर जमिनीवर पुऱ्या तयार करून, नळ-दिव्यासकट, क्रेननं उचलून लोखंडी सांगाड्यात ड्रॉवरसारख्या सरकवल्या. मधात भिंतीभर फरशीचं चित्र आहे, मेरी ब्लेअर नावाच्या चित्रकार बाईनं केलेलं, 90 फूट उंच, पोरं आणि जनावरं काढलेली. त्यात एका बकरीला पाच पाय आहेत. सापडते का पाहा. आमच्या नातीनं दोन मिनिटांत शोधली, मला पुढच्या वर्षी सापडली, तीपण ती बोट दाखवून म्हणाली तेव्हा.

ग्रँड फ्लोरिडियन 1988 चं, पांढरं, लाल छताचं, जुन्या काळच्या श्रीमंतांच्या हवेलीसारखं. डिसेंबरात जाता म्हणून हे चुकवू नका, लॉबीत बहुतेक वर्षी खऱ्या बिस्किटाचं घर उभं करतात, माणूस आत जाईल एवढं मोठं, आलं-गुळाचा वास दारापर्यंत येते. लॉबीत पियानो वाजत असते. सोफे भरपूर आहेत. साहेबांना तिथं बसवा आणि तुम्ही दुकानं फिरून या, माझा अनुभव आहे की पुरुषमाणूस तिथून हलतच नाही.

पॉलिनेशियनला संध्याकाळी जा. पाण्यापलीकडं मॅजिक किंगडमचा किल्ला दिसते आणि रात्री आतिशबाजी झाली की इकडच्या किनाऱ्यावरून सगळी दिसते. पार्कात जे लोक पावणेदोनशे डॉलर भरून माणसांच्या डोक्यांमधून पाहतात, तेच. पण नाताळच्या आठवड्यात आणि 31 डिसेंबरला किनारा मुक्कामी लोकांसाठी राखून ठेवतात, त्या दिवसांत गेलं तर तोंड पाडून परत यावं लागेल, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. रात्री पाण्यावरून दिव्यांची एक मिरवणूकपण निघते, मासे, कासव, राक्षसी साप, सगळे दिव्यांचे, तराफ्यावर. तीपण 1971 पासूनची. थोडी जुनाट आहे, गावच्या गणपतीच्या रोषणाईसारखी, मला मात्र आतिशबाजीपेक्षा तीच आवडते.

कंटेम्पररीच्या धक्क्यावरून बोट धरली की विल्डरनेस लॉजला जाते, ही बोटपण फुकट. हे लाकडाचं हॉटेल, यलोस्टोनमधल्या जुन्या लॉजवरून घेतलेलं. लॉबीत 82 फूट उंच शेकोटीचं धुराडं आहे, दगडाचे थर ग्रँड कॅन्यनसारखे एकावर एक लावलेले, आणि आतूनच एक झरा निघून बाहेर ओढ्यासारखा वाहत जाते. मेळघाटातला फॉरेस्टचा जुना बंगला कोणी पंचवीसपट करून ठेवला असं वाटते. शेकोटीजवळ झुलत्या खुर्च्या आहेत. गुडघ्यांसाठी एवढी चांगली जागा मी तिथं दुसरी नाही पाहिली, थंडी असेल तर शेकपण होते.

तिसरा दिवस जमला तर स्कायलायनर, 2019 मध्ये सुरू झालेला रोपवे, हापण फुकट. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अॅनिमेशन, कॅरिबियन बीच, रिव्हिएरा ही हॉटेलं याच्यावर आहेत. पॉप सेंच्युरीत इमारतीएवढे यो-यो, रूबिकचा ठोकळा, पोरांना मजा येते, मोठ्यांना अर्ध्या तासात कंटाळा. पाळणा स्टेशनात पूर्ण थांबत नाही, हळू होते फक्त, पण पाय चालत नसणाऱ्यांसाठी थांबणारा वेगळा पाळणा असते, गेल्याबरोबर हात वर करून सांगा, लाजू नका. एसी नाही, वाऱ्यावरच. वीज कडाडली की बंद, मग बस. बोर्डवॉक नावाच्या हॉटेलाकडं वेळ उरला तर जा, तळ्याकाठी फिरायला चांगलं पण आमच्या सौ. च्या मते रंकाळ्यावर भेळ तरी मिळते.

खायचं म्हणाल तर दशम्या, चिवडा, लाडू पिशवीत ठेवा आणि बाहेर बाकावर बसून खा, लॉबीतल्या सोफ्यावर डबा पसरायचा नाही. आम्ही एकदा ठेच्याचा डबा उघडला आणि बाजूच्या तीन गोऱ्या बाया शिंकत उठल्या, तेव्हापासून ठेचा घरीच. पाणी विकत घेऊ नका, कोणत्याही खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल, दुपारी नाही. आणि दुसऱ्यांच्या लेकरांचे फोटो काढू नका, कितीही गोड वाटली तरी.

परत निघताना लेकीला आधीच सांगून ठेवा की हॉटेलच्या मुख्य दारासमोर, जिथं सामान उतरवतात, तिथंच गाडी आण. पार्किंगमध्ये भेटू म्हटलं तर तिथं सगळ्या रांगा सारख्या दिसतात आणि तुमच्या इकडच्या सिमला रोमिंग घेतलं नसेल तर तिकडं रेंज नसते. आम्ही दोघं एकदा रात्री नऊ वाजता पाऊण तास एका झाडाखाली उभे होतो आणि पोरगी पलीकडच्या रांगेत, तीपण झाडाखालीच.